डोळा दुखत नव्हता, तिथेच फसलो

आमच्या खांब गावात माझ्या घराच्या ओटीवर दर महिन्याच्या दहा तारखेला बचतगट भरायचा. मी सुरुवातीपासून गटाची अध्यक्ष आणि शेजारच्या वहिनी खजिनदार. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण हिशेब एकदम चोख! अक्षर तर मोत्यासारखं. मी बी.ए. झालेली, तरी माझं अक्षर त्यांच्यापुढे कोंबडीचे पाय!

२००७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. वहिनींनी वही पुढ्यात घेतली, पेन हातात घेतलं आणि तशाच बसून राहिल्या. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "ताई, आज तुम्हीच लिहा. डोळ्यांसमोर माश्या उडल्यासारखं होतंय."

मी हसण्यावारी नेलं. "अहो वहिनी, अशक्तपणा आलाय तुम्हाला. शेवग्याच्या पाल्याची भाजी खा, गाजर खा. नाहीतर चाळिशी लागली असेल!" वहिनी तेव्हा तेहतीस वर्षांच्या होत्या. तेहतिसाव्या वर्षी कसली चाळिशी? पण माझ्या तोंडून गेलं खरं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. बिरडं करायचं होतं. वहिनींच्या वाटणीच्या वालांना निम्मी सालं तशीच. त्या बोटांनी चाचपून सोलत होत्या. मी विचारलं, "डोळे दुखतात का?" तर म्हणाल्या, "नाय हो. दुखत नाय, लाल नाय, पाणी येत नाय. नुसतं धुकं."

दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही, असं मला वाटलं. मैत्रिणींनो, तिथेच आम्ही फसलो. आज हा लेख लिहितेय तो त्यासाठीच. वहिनींना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिहा ताई, फक्त नाव नको." म्हणून नाव नाही, आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वहिनींना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांचे यजमान टँकरवर ड्रायव्हर होते. आदल्या वर्षी सारखा ताप, जुलाब, खोकला होऊन ते गेले. जाताना आजाराचं नाव कळलं, तेव्हा वहिनींचीही तपासणी झाली. गावात हे फक्त मला ठाऊक होतं. त्यांच्या सासूबाईंनाही नाही. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासलं, तर सीडी-फोर आला ३८.

सीडी-फोर म्हणजे काय, हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी या एक प्रकारच्या पेशी. शरीराच्या राखणदारांमधल्या मुकादमच म्हणा ना! निरोगी माणसाच्या रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका त्यांनाच संपवतो. ३८ म्हणजे राखण जवळजवळ उठलेलीच.

वहिनींच्या एआरटीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून या गोळ्या मोफत द्यायला १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याआधी आमच्यासारख्या गावातल्या माणसाला ही औषधं परवडण्याचा प्रश्नच नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, आता सगळं ठीक होईल, अशा समजुतीत आम्ही दोघी होतो.

माझी चूक

त्याच सुमारास रोह्याला एका ठिकाणी डोळे तपासणीचं शिबिर होतं. मी वहिनींना घेऊन गेले. जाताना वाटेत, एस्टीत, मी त्यांच्या कानात म्हटलं, "तिथे त्या आजाराचं काही बोलू नका हं. उगाच चारचौघांत कळायला नको."

मला वाटत होतं, मी त्यांची अब्रू राखतेय. झालं काय, तर शिबिरातल्या डॉक्टरांनी समोर जे आलं त्यावरून तपासलं. तरुण बाई, डोळे स्वच्छ, लाली नाही, दुखणं नाही. फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली आणि चष्म्याचा नंबर दिला. त्यांची काहीच चूक नाही. ज्या एका वाक्याने त्यांनी डोळ्यात थेंब घालून आतला पडदा बघितला असता, ते वाक्य मीच वहिनींना गिळायला लावलं होतं.

चष्मा आला. धुकं काही गेलं नाही. उलट डाव्या डोळ्यासमोर एका बाजूने काळी सावली सरकायला लागली. अशा रीतीने सहा आठवडे गेले.

मुंबईला गोळ्या आणायला गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी वजन, ताप, खोकला विचारता विचारता सहज विचारलं, "नजर कशी आहे?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांगा सगळं." सगळं ऐकल्यावर त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि चिठ्ठी लिहून आम्हाला लगेच डोळ्यांच्या विभागात पाठवलं. "आजच जा, उद्या नको," असं दोनदा बजावलं.

तिथे डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी कपाळावर दिव्याची टोपी चढवली, हातात भिंग धरलं आणि आत बघितलं. मला म्हणाले, "पांढऱ्या दह्यावर कुंकू सांडलं तर कसं दिसेल, तसा यांचा डावा पडदा दिसतोय. मधला भाग गेला. उजव्या डोळ्यात कडेला सुरुवात आहे. तो वाचवू या."

डावा गेला! दुखलं नाही, खुपलं नाही, डोळ्यातून टिपूस आलं नाही, आणि डोळा गेला. वहिनी शांत होत्या. रडले ते मीच.

डोळ्यात होतं तरी काय?

या दुखण्याचं नाव सायटोमेगॅलो व्हायरस रेटिनायटिस. डॉक्टर लोक सीएमव्ही म्हणतात. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं. भिंत, दार, लेकराचं तोंड, सगळं आपण त्या पडद्यावर बघतो. सीएमव्ही हा विषाणू काही कुठून परका येत नाही. आपल्या देशात बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो लहानपणापासूनच असतो. झोपून राहतो, त्रास देत नाही. पण सीडी-फोर ५० च्या खाली गेला, की तो जागा होतो आणि पुष्कळदा डोळ्याच्या पडद्यावर बसतो. पडद्याला दुखण्याची जाणीव नसते, म्हणून माणसाला कळत नाही. जो भाग जळाला तो परत येत नाही. औषधाने फक्त पुढचं जळणं थांबवता येतं. म्हणून एकेका दिवसाला किंमत.

हा विषाणू एड्सच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची बातमी सरकारी पत्रिकेत छापून आली. तीच एड्सची पहिली नोंद. त्या पाचही जणांच्या तपासणीत सीएमव्ही सापडला होता. पुढे चांगली औषधं येईपर्यंत तिकडे एड्सच्या दर तीन-चार रुग्णांमागे एकाच्या डोळ्यांना हा आजार व्हायचा. आपल्याकडे एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले. आणि १९९५ साली चेन्नईच्याच शंकर नेत्रालयातल्या डॉ. ज्योतिर्मय बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्सच्या भारतीय रुग्णांच्या डोळ्यांविषयीच्या सुरुवातीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

एड्समध्ये डोळ्याला होणारं हे एकच दुखणं नाही. क्षयरोग, टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू, गुप्तरोगातला सिफिलिस, हे सगळे डोळ्याच्या आत सूज आणू शकतात. प्रत्येकाचं औषध वेगळं. आणि आपल्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना माहीत असलेली नागीण! कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड आले, तर डोळ्याला धोका असतो. अशा वेळी आपण मंत्र घालून घेतो, गेरू लावतो आणि तीन दिवस घालवतो. नेमके तेच पहिले तीन दिवस औषधाला सर्वांत मोलाचे असतात. आणि तरुण माणसाला तोंडावर मोठी नागीण आली, तर एचआयव्हीची तपासणी जरूर करून घ्यावी.

डोळ्यात इंजेक्शन

वहिनींच्या उपचाराची पद्धत ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. गॅन्सिक्लोव्हिर नावाचं औषध, आणि ते थेट डोळ्यात टोचायचं! पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. सुई अगदी बारीक. वहिनी बाहेर आल्या की मी विचारायची, "खूप दुखलं का हो?" त्या म्हणायच्या, "टोचलं थोडं. पण ताई, विळा लागला होता त्यापुढे काहीच नाय."

हेच औषध सलाइनमधूनही देतात, दिवसातून दोनदा, दोन-तीन आठवडे. शिवाय त्याच्याच जातीतली व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नावाची गोळी आहे. गोळीने दोन्ही डोळ्यांना आणि सगळ्या शरीराला संरक्षण मिळतं. डोळ्यातल्या इंजेक्शनाने फक्त त्या एका डोळ्याला. पण या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून गोळी किंवा सलाइन चालू असेल तर रक्त वरचेवर तपासावं लागतं. २००७ साली ती गोळी आमच्या आवाक्यापलीकडे होती. तिचं पेटंट रोश या परदेशी कंपनीकडे होतं. त्या पेटंटला कोणी आव्हान दिलं माहीत आहे? मोठमोठ्या वकिलांच्या आणि आपल्याकडच्या औषध कंपन्यांच्या बरोबरीने एचआयव्हीसह जगणाऱ्या साध्यासुध्या माणसांच्या संघटनांनी! २०१० साली ते पेटंट रद्द झालं. मला हे वाचताना फार अभिमान वाटला होता.

आमच्या मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. कधी खांब नाक्यावरून पहाटेची एस्टी, कधी रोह्याहून दिव्याची पॅसेंजर. बरोबर भाकरी आणि सुकटीची चटणी. वहिनींच्या मुलाला मी माझ्या सासूबाईंकडे ठेवायची. त्यांना सांगितलं होतं, वहिनींना डोळ्याचं ऑपरेशन करायचंय. सासूबाई एकदा म्हणाल्या, "किती दिवस चालतं गं ऑपरेशन?" मला हसू येईना आणि रडूही येईना.

चार महिन्यांत उजव्या डोळ्यातला आजार थांबला. पडद्याच्या कडेला व्रण राहिला, पण मधला भाग शाबूत! सीडी-फोर हळूहळू वर चढला. तो १०० च्या वर जाऊन काही महिने तिथे टिकला, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यातली इंजेक्शनं बंद केली. वहिनींनी बचतगटाची वही पुन्हा हातात घेतली. अक्षर थोडं तिरकं झालं होतं, पण त्यांचंच होतं.

वाटलं, सुटलो.

अंगात बळ आलं आणि डोळा सुजला

होळीनंतरचे दिवस. वहिनींचं वजन वाढलेलं, चेहऱ्यावर तेज आलेलं. आणि अचानक उजव्या डोळ्यासमोर पुन्हा धुकं! या वेळी आणखी एक तऱ्हा. खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. वहीतल्या रेघा मध्येच पोटाळल्यासारख्या दिसत.

वहिनी मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मनाशी ठरवलं, की हे गोळ्यांमुळेच. शेजारच्या एका बाईने सांगितलं होतं, "फार गोळ्या खातेस, उष्ण पडतात, डोळ्यांवर जातात." झालं! वहिनींनी गोळ्या बंद केल्या. मला कळलं ते तांदळाच्या डब्यात हात घातल्यावर. पाहुणे आले म्हणून मी त्यांच्याकडे शेरभर तांदूळ उसने घ्यायला गेले, तर डब्यात गोळ्यांची बाटली. भरलेली.

मी रागावले, खरं सांगते. फार बोलले. वहिनी इतकंच म्हणाल्या, "ताई, गोळी खाऊन जगेन, पण आंधळी झाले तर पोराला कोण बघणार?"

यावर मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी पुन्हा मुंबईला.

डॉक्टरांनी तपासलं, पडद्याचा फोटो काढला. त्यांनी जे समजावलं, ते प्रत्येकीने नीट ऐकण्यासारखं आहे. ते म्हणाले, "ताई, ही जुनी आग नाही. तुमच्या अंगात बळ आलंय, म्हणून ही सूज आहे."

म्हणजे कसं? सीडी-फोर ३८ होता तेव्हा राखणदारच नव्हते. विषाणू डोळ्यात मनमानी करत होता आणि त्याला हटकणारं कोणी नव्हतं. गोळ्यांनी राखणदार परत आले. ते डोळ्यात शिरले, तर तिथे विषाणूचे उरलेसुरले अवशेष. मग त्यांनी तिथे दणादण काठ्या चालवल्या! मारामारीत घराचीच कौलं फुटतात ना, तसं झालं. डोळ्यातला जेलीसारखा भाग गढूळ होतो, आणि पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तिथे पाणी साठून सूज येते. त्या सुजेमुळे सरळ रेघ वाकडी दिसते. याला इम्यून रिकव्हरी युव्हायटिस म्हणतात. १९९६ च्या सुमाराला एचआयव्हीवर तीन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली, आणि १९९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या सुजेची पहिली वर्णनं लिहिली. म्हणजे बरं करणाऱ्या औषधांच्या मागोमागच हा त्रास लोकांसमोर आला. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येतो, काहींना काही महिन्यांनी. ज्यांच्या पडद्याचा मोठा भाग आजाराने व्यापलेला असतो, त्यांना धोका जास्त.

उपाय? गोळ्या बंद करणं हा उपाय नव्हे, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. गोळ्या सोडल्या तर राखणदार पुन्हा पळणार आणि जुनी आग पुन्हा पेटणार. मग उरलेला डोळाही जाणार आणि जीवही. त्यातच मध्ये गोळ्या थांबवल्या, की विषाणू त्या औषधाला सरावतो आणि पुढे तीच गोळी लागू पडत नाही. आधी त्यांनी खात्री करून घेतली, की जुना आजार उलटलेला नाही. मग सुजेवर स्टेरॉइड दिलं. हलकी सूज असेल तर थेंबांवर भागतं. वहिनींच्या पडद्याच्या मधोमध सूज होती, म्हणून डोळ्याच्या बाजूला, डोळ्याच्या मागच्या जागेत इंजेक्शन दिलं. दर खेपेला डोळ्याचा दाब मोजला, कारण स्टेरॉइडने दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, आणि जुना विषाणू डोकं वर काढू शकतो. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आणि इथे मला एक कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे डोळा लाल झाला, की मेडिकलमधून "ते मागच्या वेळचे थेंब द्या" म्हणून थेंब आणायची सवय आहे. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सूज कशामुळे आहे हे न बघता ते घातलं, तर आतला जंतू माजतो. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हा खेळ फार महागात पडतो.

वहिनींची सूज उतरायला पाच महिने लागले. पूर्वीसारखं स्पष्ट दिसायला लागलं, असं मी म्हणणार नाही. ही सूज चिवट असते, काहींची पूर्ण उतरते, काहींची नाही. उजव्या डोळ्याने वहिनी आज मोठी अक्षरं वाचतात, माणसं ओळखतात, स्वयंपाक करतात. सुईत दोरा ओवायचा असेल तर हाक मारतात. डावा डोळा मात्र काळोखातच राहिला. त्या सहा आठवड्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे, आणि मी तो कधी खोडत नाही.

आता काय बदललंय?

पुष्कळ बदललंय. पूर्वी सीडी-फोर ठरावीक आकड्याच्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळायच्या. २०१७ पासून आपल्या देशात सीडी-फोर कितीही असो, लागण कळली की गोळ्या सुरू करतात. त्यामुळे आकडा ३८ पर्यंत घसरण्याची वेळच पुष्कळांवर येत नाही. आम्हाला मुंबई गाठावी लागत होती, आता आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. पण उशिरा तपासणी होणारे आजही असतात, आणि मध्येच गोळ्या सोडून देणारेही. डोळ्यांचं हे दुखणं आज अशाच लोकांना गाठतं. त्यात बायका जास्त मागे राहतात, कारण आपलं दुखणं आपण शेवटी काढतो.

लपवण्याबद्दलही थोडं बोलते, कारण माझी चूक तिथेच झाली. २०१७ साली एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं या कायद्याने गुन्हा ठरवलेलं वागणं आहे की नाही, असल्या शब्दांत अडकू नका. इतकं पक्कं लक्षात ठेवा, की असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती दुसऱ्याला सांगायलाही बंदी आहे. गावाला सांगू नका, शेजारणीला सांगू नका, हवं तर जावेलाही सांगू नका. पण डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. चारचौघांत नको असेल तर "जरा बाजूला बोलायचंय" म्हणा. चिठ्ठीवर लिहून द्या. पण सांगा.

आणखी चार गोष्टी. घरात कोणाला एचआयव्ही असेल आणि सीडी-फोर १०० च्या खाली असेल, तर तक्रार नसली तरी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. डॉक्टरांनी सुचवलं नाही तर आपण विचारा. दुसरं, घरच्या घरी परीक्षा करा. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभं राहायचं, आधी एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो, म्हणून एकेकच बघायचा. तारखा पुसट दिसतात का? चौकटीच्या रेघा वाकड्या दिसतात का? मधली एखादी तारीख गायब आहे का? तिसरं, नव्याने माश्या किंवा काळे ठिपके दिसणं, वीज चमकल्यासारखं होणं, बाजूने पडदा सरकणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कधीकधी आजाराने पातळ झालेला पडदा फाटून सुटतो, तेव्हा तर तातडीने ऑपरेशन लागतं. आणि चौथं, डोळ्यांचं काहीही होवो, एआरटीच्या गोळ्या मनाने थांबवू नका. शंका असेल तर १०९७ या मोफत नंबरवर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

परवा दहा तारखेला गट भरला. वहिनींचा मुलगा आता नोकरीला लागलाय. त्याने आईला मोठ्या रेघांची जाड वही आणून दिली आहे आणि काळ्या शाईचं जाड पेन. वहिनींनी बैठकीचा हिशेब मांडला, मग वही डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा तपासली.

"ताई, तुमचे वीस रुपये कमी आहेत," त्या म्हणाल्या.

मी मोजून बघितले. खरंच कमी होते.